उन्हाळी संशोधनाचे अर्ज दिवाळीत : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बी.एस्सी. करताना उन्हाळ्याच्या सुट्टीत संशोधनाचं काम कसं मिळवायचं, याविषयी प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. निम्म्याहून अधिक पत्रांत एकच तक्रार होती, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात.

प्रश्न : परीक्षा संपल्यावर, एप्रिलच्या शेवटी पुण्यातल्या तीन संस्थांमध्ये चौकशी केली. तिन्हीकडे ‘अर्ज केव्हाच बंद झाले’ असं सांगितलं. मग अर्ज भरायचे तरी कधी?
(एस.वाय. बी.एस्सी. फिजिक्स, राजगुरुनगर)

उत्तर : दिवाळीचा फराळ संपायच्या आत. मे महिन्यातल्या प्रकल्पांची निवड आदल्या हिवाळ्यात उरकलेली असते. एप्रिलमध्ये उरते ती फक्त एखाद्या संशोधकाची वैयक्तिक मर्जी.

सगळ्यात मोठी योजना तीन विज्ञान अकादमींची मिळून आहे : बंगळूरची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी. आठ आठवडे देशातल्या एखाद्या संशोधकाकडे काम करायचं. स्टायपेंड आणि प्रवासखर्च मिळतो. अर्ज साधारण नोव्हेंबरपर्यंत भरावा लागतो. त्यात गुणपत्रिका, ‘मला काय करायचंय आणि का’ हे सांगणारं छोटं टिपण आणि शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. बहुतेक अर्ज मार खातात ते या टिपणात. ‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड’ या वाक्यावर दोन ओळी खर्च झाल्या की निवड करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी प्रॅक्टिकलमध्ये कुठलं मोजमाप जुळलं नाही, ते का जुळलं नसावं याचा तुमचा अंदाज काय, आणि तो अंदाज कसा तपासाल, एवढं लिहा.

पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थांबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. आयुकाचा व्हेकेशन स्टुडंट्स प्रोग्रॅम हा मुख्यतः एम.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटून दुसऱ्या वर्षात असणाऱ्यांसाठी आहे. एस.वाय.च्या मुलांनी तिथे अर्ज करून नकार पदरात घेण्यात अर्थ नाही. तुमच्यासाठी आयुका आणि एनसीआरए यांची कॉलेज विद्यार्थ्यांची रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा जास्त कामाची, ती डिसेंबरच्या सुमारास असते. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना नुसत्या लांबून पाहणं वेगळं आणि त्यातून आलेल्या सिग्नलचं काय करतात ते शिकणं वेगळं.

तेव्हा आजच कॅलेंडरवर तीन खुणा करा. ऑक्टोबर : शिक्षकांशी बोलणं. नोव्हेंबर : अकादमींचा अर्ज. डिसेंबर-जानेवारी : इतर संस्थांचे अर्ज आणि संशोधकांना थेट मेल. तारखा दरवर्षी पुढेमागे होतात, म्हणून गेल्या वर्षीची तारीख कुणी व्हॉट्सॲपवर पाठवली तर तिच्यावर विसंबू नका, संस्थेच्या संकेतस्थळावर पाहा.

प्रश्न : मी ४० प्राध्यापकांना मेल केले. एकाचंही उत्तर नाही. माझे गुण ८१ टक्के आहेत. कुठे चुकतंय?
(टी.वाय. केमिस्ट्री, हडपसर)

उत्तर : तुम्ही मेलची प्रत सोबत पाठवलीत हे बरं केलंत, कारण दोष गुणांत नाही. ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ अशी सुरुवात, मग ‘आपल्या प्रेरणादायी संशोधनाने मी भारावून गेलो आहे’, आणि कुठलं संशोधन याचा पत्ता नाही. असा मेल उघडला की एका नजरेत कळतं, हा चाळीसजणांना गेलाय. शिवाय एकाच विभागातल्या सहाजणांना तुम्ही एकाच दुपारी पाठवलाय. ही मंडळी एकाच कँटीनमध्ये चहा पितात.

आता दुरुस्ती. आधी संख्या कमी करा. बारा ते पंधरा नावं पुरेत. पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) आणि आयआयटीएम (हवामानशास्त्राची संस्था) एकाच होमी भाभा रस्त्यावर आहेत. विद्यापीठाच्या आवारात आयुका, एनसीआरए, एनसीसीएस (पेशीविज्ञान केंद्र) आणि खुद्द विद्यापीठाचे विभाग. आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था. केमिस्ट्रीवाल्याला एवढ्यातच पंधरा नावं मिळतील. प्रत्येकाच्या गटाचं पान उघडून गेल्या दोन-तीन वर्षांतला एक लेख निवडा. तो पूर्ण समजणार नाही, समजायची अपेक्षाही नाही. सारांश, प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद आणि आकृत्या एवढं वाचा. प्रस्तावनेच्या शेवटच्या परिच्छेदात बहुधा ‘या लेखात आम्ही काय केलं’ ते सरळ लिहिलेलं असतं. एका लेखाला दीड-दोन तास द्या.

मेल १५० ते १८० शब्दांचा हवा. विषयाच्या ओळीत काम, तारखा आणि वर्ग लिहा : ‘आठ आठवड्यांचा उन्हाळी प्रकल्प, १५ मे ते ९ जुलै, टी.वाय. केमिस्ट्री’. पहिलं वाक्य तुम्ही कोण, कुठल्या कॉलेजचे. त्यानंतर लेखाबद्दल दोन-तीन वाक्यं, आणि त्यात एक खरा प्रश्न. उदाहरणार्थ : ‘आकृती ३ मध्ये ६० अंशांच्या वर उत्प्रेरकाचा वेग घटलेला दिसतो. तो थंड केल्यावर पूर्ववत होतो का, की पृष्ठभागच बदलतो?’ प्रश्न बाळबोध असला तरी चालतो; आकृती पाहिली हे त्यातून कळतं. मग तुम्हाला हातानं काय येतं ते. ‘मेहनती’, ‘जिज्ञासू’ ही विशेषणं गाळा आणि ‘यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरवर कॅलिब्रेशन आलेख काढला आहे, पायथॉनमध्ये सरळ रेषा बसवता येते’ असं लिहा. शेवटी राहण्याची सोय स्वतःची आहे का, आणि स्टायपेंड नसेल तरी चालेल का. हडपसरहून पाषाणला रोज येणार असाल तर तेही लिहा, कारण वसतिगृहात खोली नाही या एका कारणानं बरेच नकार जातात.

सोबत दोन पानांच्या आतला बायोडेटा आणि गुणपत्रिका, दोन्ही एकाच पीडीएफमध्ये. फाइलला स्वतःचं नाव द्या. ‘सीव्ही फायनल २’ नावाच्या पन्नास फायली त्यांच्याकडे आधीच आहेत. एका दिवशी दोनपेक्षा जास्त मेल नकोत. प्रत्येक मेल स्वतंत्र, ‘टू’मध्ये एकच पत्ता. दहा दिवसांनी, त्याच मेलला जोडून, दोन ओळींची एक आठवण. त्यानंतर गप्प. मौन म्हणजे नकार धरून पुढच्या नावाकडे वळा.

नावं निवडताना अलीकडे रुजू झालेल्या संशोधकांना यादीत वर ठेवा. त्यांचा गट लहान असतो, माणसं हवी असतात आणि ते स्वतः लॅबमध्ये उभे असतात. नावाजलेल्या माणसाच्या पंचवीसजणांच्या गटात बी.एस्सी.च्या मुलाला आठ आठवड्यांत एकदाच दर्शन घडतं, असंही होतं.

एक गोष्ट विसरू नका. दोन ठिकाणांहून होकार आले तर एकाला त्याच दिवशी नम्रपणे नाही कळवा. दोन्ही धरून ठेवून मेमध्ये एकाला टांग दिली, तर पुढच्या वर्षी तुमच्या कॉलेजच्या मुलांना तिथे दार बंद होतं.

प्रश्न : शिफारसपत्र मागायला गेले, तर मॅडम म्हणाल्या, ‘तूच लिहून आण, मी सही करते.’ काय करावं?
(एस.वाय. बॉटनी, बारामती)

उत्तर : मॅडमना ‘मजकूर तुमचाच असू द्या, मी मुद्दे देते’ असं म्हणा आणि एक पान हातात ठेवा. त्यावर त्यांच्या कुठल्या विषयाला तुम्ही होतात, किती गुण, कुठल्या प्रॅक्टिकलमध्ये त्यांनी तुमचं काम पाहिलं, योजनेचं नाव, शेवटची तारीख. स्वतःच स्वतःची स्तुती लिहिली की ती तुमच्या टिपणाच्याच भाषेत उतरते आणि वाचणाऱ्याला शेजारशेजारच्या दोन कागदांत ते लगेच दिसतं. किमान तीन आठवडे आधी जा. बऱ्याच योजनांत आता शिक्षकांच्या मेलवर लिंक जाते आणि ती हमखास स्पॅममध्ये पडते. तेव्हा अर्ज भरल्याच्या दिवशीच मॅडमना फोन करून स्पॅम पाहायला सांगा. शेवटच्या रात्री लिंक सापडत नाही म्हणून चांगले अर्ज अर्धवट राहतात. मेल-पत्ता भरताना एका अक्षराची चूक झाली तर लिंक कुणालाच मिळत नाही, तेवढंही पाहून घ्या.

प्रश्न : माझी एका प्रयोगशाळेत निवड झाली आहे. आमच्या कॉलेजात तीस मुलांत दोन मायक्रोपिपेट आहेत, हात कधी लागलाच नाही. मेपर्यंत काय शिकून जाऊ?
(टी.वाय. मायक्रोबायॉलॉजी, सासवड)

उत्तर : अभिनंदन. तीन गोष्टी पक्क्या करा : हिशेब, पिपेट आणि वही.

द्रावणाचा हिशेब कागदावर, झोपेतून उठवून विचारला तरी यायला हवा. १ मोलर मीठ म्हणजे लिटरला ५८.४४ ग्रॅम. मग १५० मिलिमोलरचं १०० मिली हवं असेल तर ५८.४४ × ०.१५ × ०.१, म्हणजे ०.८७७ ग्रॅम. ९५ टक्के अल्कोहोलपासून ७० टक्क्यांचं ५०० मिली करायचं तर ७० × ५०० ÷ ९५, म्हणजे ३६८ मिली अल्कोहोल घ्यायचं आणि ५०० च्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. (पुसायला ७० टक्केच का? प्रथिनं विस्कटायला पाणी लागतं, आणि निव्वळ अल्कोहोल लवकर उडूनही जातं.) असे वीस हिशेब स्वतः तयार करून सोडवा. मिलिमोल आणि मायक्रोमोल यांत हजाराची चूक ही पहिल्या आठवड्यातली सगळ्यात नेहमीची चूक आहे.

पिपेटच्या बटणाला दोन टप्पे असतात. द्रव ओढताना पहिल्या टप्प्यापर्यंतच दाबायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत. नवखा माणूस दुसऱ्या टप्प्यापासून ओढतो आणि प्रत्येक वेळी जास्त घेतो. बटण हळू सोडा. झटकन सोडलं की बुडबुडा आत जातो, द्रव पिपेटच्या नळीत उडतो. २०० मायक्रोलिटरच्या पिपेटवर आकडा २०० च्या पुढे फिरवू नका, आतला स्क्रू बिघडतो. हात तपासायची सोपी रीत : संवेदनशील तराजूवर बाटलीचं झाकण ठेवून शून्य करा, १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा सोडा, दर वेळी आकडा लिहा. प्रत्येकी ०.१०० ग्रॅमच्या जवळपास यायला हवं. आकडे सगळे सारखे पण कमी असतील तर पिपेटमध्ये दोष. वरखाली उड्या मारत असतील तर तुमच्या अंगठ्यात. कॉलेजातल्या दोन पिपेटपैकी एक सरांना सांगून शनिवारी दुपारी तासभर मिळवा. एवढ्यासाठी कुणी नाही म्हणत नाही.

क्रमवार विरलनाचंही तसंच, म्हणजे जिवाणू मोजता यावेत म्हणून नमुना टप्प्याटप्प्यानं दहापट पातळ करत जाणं. १०० मायक्रोलिटर नमुना ९०० मायक्रोलिटर सलाईनमध्ये, नीट ढवळून पुढच्या नळीत, आणि दर नळीला नवी टिप. समजा पाचव्या नळीतून ०.१ मिली जिवाणू वाढवायच्या बशीवर पसरवलं आणि ८४ वसाहती (जिवाणूंचे ठिपके) आल्या, तर मूळ नमुन्यात दर मिलीला ८४ × १० × १,००,०००, म्हणजे ८.४ कोटी जिवाणू. मोजायला ३० ते ३०० वसाहती असलेली बशी घ्या. चौथ्या नळीच्या बशीवर २१० आणि पाचवीवर २१ च्या ऐवजी ६० आल्या, तर बहुतेक वेळा टिप बदलली नव्हती किंवा आधीची नळी ढवळली नव्हती. अशा वेळी नवी बशी लावण्याआधी हेच तपासा. आणि बशीवर नाव नेहमी तळाला लिहा. झाकणं अदलाबदल होतात.

वही शिवलेली, पानांना क्रमांक घातलेली. रोजचं रोज, पेनानं. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला बरोबर आकडा, खाडाखोड नाही. फसलेला प्रयोगही लिहायचा, कुठल्या बाटलीतलं रसायन वापरलं त्या बॅच क्रमांकासकट. दोन आठवड्यांनी ‘आधी चालत होतं, आता का चालेना’ हा प्रश्न येतोच, आणि उत्तर बहुधा त्या क्रमांकात असतं.

प्रश्न : मुलीला एका कंपनीचा मेल आला आहे. घरबसल्या एक महिन्याची ‘रिसर्च इंटर्नशिप’, प्रमाणपत्र आणि आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये पेपर, फी १२ हजार. भरावी का?
(एक पालक, चिंचवड)

उत्तर : नाही. एका महिन्यात, प्रयोग न करता जो पेपर छापून येतो तो पुढे एम.एस्सी.च्या किंवा पीएच.डी.च्या मुलाखतीत अडचणच करतो. ‘ही आकृती समजावून सांग’ म्हटल्यावर मुलीला गप्प बसावं लागेल. मात्र पैसे मागितले म्हणजे फसवणूकच, असंही नाही. काही सरकारी प्रयोगशाळासुद्धा प्रशिक्षणासाठी शुल्क घेतात. फरक असा पाहा : शुल्काचा आकडा संस्थेच्या संकेतस्थळावर आहे का, पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यात जातात का, पावती मिळते का, आणि मार्गदर्शकाचं नाव तुम्हाला आधी सांगितलं जातं का. चारांपैकी एकाचंही उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे खिशात ठेवा.

प्रश्न : गणितवाल्यांना उन्हाळ्यात काही आहे का, की सगळं लॅबवाल्यांनाच?
(एस.वाय. मॅथ्स, कोथरूड)

उत्तर : आहे, आणि चांगलं आहे. एमटीटीएस हा गणिताच्या प्रशिक्षणाचा चार आठवड्यांचा निवासी कार्यक्रम १९९३ पासून चालू आहे. तिथे व्याख्यान ऐकण्यापेक्षा फळ्यासमोर उभं राहून सिद्धता द्यावी लागते, एस.वाय.वाल्यांसाठी वेगळी पायरी आहे. घराजवळ म्हणाल तर श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान एरंडवण्यातच आहे. त्यांच्या उपक्रमांची चौकशी जानेवारीत करून ठेवा. बी.एस्सी.च्या पातळीवर गणितात नवं प्रमेय सिद्ध होण्याची अपेक्षा कुणी धरत नाही. एक पुस्तक, त्यातली सगळी उदाहरणं, आणि दर आठवड्याला मार्गदर्शकापुढे तासभर : हाच प्रकल्प असतो.

प्रश्न : एफ.वाय.ला ६२ टक्के. छोटं कॉलेज, ओळखी नाहीत. माझ्यासारख्याला काही वाव आहे का?
(एफ.वाय. बी.एस्सी., जुन्नर)

उत्तर : मोठ्या योजनांत सध्या अवघड आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. तरी एफ.वाय.वाल्यांसाठी असलेल्या दोन वाटा ठाऊक असू द्या, कारण त्या पुढे बंद होतात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा कार्यक्रम पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी आहे. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू सेंटरच्या जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या योजनांत सलग तीन उन्हाळे काम करायचं असतं, म्हणून अर्ज पहिल्याच वर्षी.

निवड नाही झाली तर कॉलेजातल्या पीएच.डी. झालेल्या सरांकडे सहा आठवडे काम मागा. हा पर्याय मुलं कमीपणाचा समजतात, ते चुकीचं आहे. किंवा स्वतः एक मोजमाप हाती घ्या. सीझनवॉच या उपक्रमात एक झाड निवडून दर आठवड्याला पालवी, फुलं, फळं नोंदवायची असतात. जुन्नरात बहावा, पळस, आंबा, काय हवं ते आहे. गवताचा अभ्यास मात्र उन्हाळ्यात धरू नका. एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखून वाळलेली काडी ओळखत बसणं अनुभवी माणसालाही जड जातं, ते काम सप्टेंबरचं. वनखात्याच्या हद्दीत नमुना तोडायचा असेल तर परवानगी लागते. फोटो आणि नोंदी पुष्कळ झाल्या. पुढच्या अर्जात ‘एका झाडाच्या २६ आठवड्यांच्या नोंदी’ ही ओळ ६२ टक्क्यांवरून वाचणाऱ्याची नजर हलवते.

प्रश्न : इन्स्पायर शिष्यवृत्तीत उन्हाळी प्रकल्पाचे पैसे वेगळे असतात का?
(एस.वाय. केमिस्ट्री, शिरूर)

उत्तर : हो. केंद्र सरकारच्या या शिष्यवृत्तीत वर्षाच्या ८० हजारांपैकी ६० हजार शिष्यवृत्तीचे आणि २० हजार उन्हाळी प्रकल्पासाठी. प्रकल्पाचा रिपोर्ट आणि मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा ते पहिल्याच आठवड्यात मार्गदर्शकांच्या कानावर घाला.

प्रश्न : आमची परीक्षा मेच्या मध्यापर्यंत लांबते आणि प्रकल्प जुलैत संपतो, तोवर टी.वाय.चे तास सुरू झालेले असतात. शिवाय कॉलेज प्रकल्पाचे क्रेडिट देईल का?
(एस.वाय. झूलॉजी, मंचर)

उत्तर : होकार आल्या दिवशीच मार्गदर्शकांना परीक्षेचं वेळापत्रक पाठवा आणि सुरुवात आठवडाभर पुढे ढकलता येईल का विचारा. वैयक्तिक होकारात हे सहसा जमतं. ठरावीक तारखांच्या योजनेत नाही. ढकलता येत नसेल तर मध्येच चार दिवस परीक्षेला पळणं टाळा, पेशी आणि जिवाणू तुमच्या पेपरची वाट पाहत नाहीत.

कॉलेजकडून दोन कागद घ्या : बोनाफाईड आणि प्राचार्यांचं ना हरकत पत्र. बहुतेक संस्था पहिल्या दिवशी हेच मागतात, आणि मेमध्ये कॉलेजचं ऑफिस अर्धा दिवस उघडं असतं. ना हरकत पत्रातच प्रकल्पाच्या शेवटच्या तारखेचा उल्लेख करून घ्या, म्हणजे जूनमधल्या हजेरीचा वाद उरत नाही.

क्रेडिटचं गणित तासांवर चालतं. नव्या अभ्यासक्रमात कार्यानुभव प्रशिक्षणाच्या एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे ४ क्रेडिटना १२० तास. आठ आठवड्यांत ते आरामात भरतात, पण प्रमाणपत्रावर नुसतं ‘यशस्वीरीत्या पूर्ण केले’ असेल तर विभागप्रमुख परत पाठवतात. प्रकल्पाचं नाव, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, एकूण तास आणि मार्गदर्शकांची सही-शिक्का, इतकं त्यावर हवं. मसुदा तुम्हीच टाइप करून सातव्या आठवड्यात द्या, कारण आठव्यात मार्गदर्शक नेमके परिषदेला गेलेले असतात.